गिऱ्हाईक कोणता शब्द शोधते? कोकणातील लहान व्यावसायिकांसाठी सर्च जाहिरातींची पहिली वाट

दापोली तालुक्यात समुद्राजवळ घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या बांधून पर्यटकांची सोय करणारा माणूस असो, की देवगडातून आंब्याची पेटी थेट ठाण्याच्या घरी पोचवू पाहणारा बागायतदार असो, शहरातल्या दुकानदारापेक्षा तो एका बाबतीत वेगळा असतो. त्याचे गिऱ्हाईक त्याच्या दारावरून सहसा जात नाही. ते पुण्यात, मुंबईत किंवा कोल्हापुरात असते आणि रात्रीची जेवणे उरकल्यावर फोनवर दोन-चार शब्द टाइप करते. नेमक्या त्या वेळी आपले नाव त्याच्यासमोर यावे यासाठी केलेली तजवीज म्हणजे सर्च इंजिन मार्केटिंग. आता हे नाव बहुधा पैसे देऊन केलेल्या जाहिरातीपुरतेच वापरले जाते. पण नवख्याने फुकटचा आणि विकतचा असे दोन्ही भाग एकत्रच समजून घ्यावेत, कारण पहिला कच्चा राहिला तर दुसऱ्यावरचा पैसा पाण्यात जातो. ही वाट मी स्वतः ठेचा खात चाललो आहे, त्यामुळे पुढे जिथे ठेच लागण्याचा संभव अधिक आहे तिथे जास्त थांबलो आहे.

शब्द आधी, पैसा नंतर

पहिले काम वही घेऊन बसण्याचे आहे. आपण ज्याला ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ म्हणतो त्याला गिऱ्हाईक ‘होमस्टे विथ फूड’ म्हणते. आपण वाडीचे नाव सांगतो आणि ते ‘बीच टच रूम’ शोधते. आपल्या तोंडी कायम ‘हापूस’ असतो, पण शहरातला, विशेषतः अमराठी, ग्राहक ‘अल्फान्सो’ लिहितो. मराठी माणूस तर मराठी शब्दसुद्धा पुष्कळदा रोमन लिपीत आणि वाटेल त्या स्पेलिंगने टाइप करतो. म्हणून गेल्या वर्षभरात व्हॉट्सॲपवर आलेल्या चौकशा उघडाव्यात आणि लोकांनी विचारलेले शब्द, ते ज्या रूपात आले त्याच रूपात, उतरवून घ्यावेत. ‘दोन फॅमिलीसाठी एसी रूम’, ‘माशाचं जेवण मिळेल का’, ‘पाच डझनची पेटी कितीला’ ही वाक्ये कोणत्याही सल्लागाराच्या यादीपेक्षा मोलाची असतात.

या यादीला दोन मोफत साधनांची जोड द्यावी. गूगल ट्रेंड्समध्ये एखादा शब्द वर्षभरात केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो ते दिसते आणि दोन शब्दांची तुलनाही करता येते. गूगल ॲड्स या गूगलच्या जाहिरात सेवेच्या खात्यात असणारा कीवर्ड प्लॅनर हा तो शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो आणि त्यासाठी जाहिरातदार किती बोली लावतात, म्हणजे एका क्लिकला किती पैसे देऊ करतात, याचा अंदाज देतो; जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला मात्र तो नेमक्या आकड्याऐवजी ढोबळ पट्टा दाखवतो. सुरुवातीला तेवढा पुरतो.

आता त्या यादीतील प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारावा: हा शब्द टाइप करणारा माणूस खरेदीच्या किती जवळ आला आहे? ‘कोकणात पाहण्यासारखी ठिकाणे’ शोधणारा अजून नकाशाच पाहतो आहे. ‘आंजर्ले होमस्टे शनिवार रविवार’ शोधणाऱ्याने जायचे पक्के केले आहे, फक्त कुठे उतरायचे ते ठरायचे आहे. बजेट थोडे असेल तर पैसे दुसऱ्यावर लावावेत. पहिल्याची सोय संकेतस्थळावरच्या एखाद्या चांगल्या लेखाने होते.

गावाच्या नावांनी आपल्याकडे एक खास गंमत करून ठेवली आहे. मुरूड नावाची किमान तीन गावे महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत: रायगडातील जंजिऱ्याजवळचे, दापोली तालुक्यातील हर्णैशेजारचे, आणि समुद्राशी काडीचाही संबंध नसलेले लातूर जिल्ह्यातील. केवळ ‘मुरूड हॉटेल’ या शब्दांवर बोली लावणारा दापोलीकर तिन्ही गावांच्या गिऱ्हाइकांच्या क्लिकचे पैसे भरतो. त्यामुळे ‘मुरूड दापोली’ किंवा ‘मुरूड हर्णै’ अशी जोडी करावी.

फुकटची नोंद

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे २०२१ पर्यंत जिचे नाव गूगल माय बिझनेस होते ती नोंद, जाहिरातीच्या आधी पूर्ण करावी. नकाशावर दिसणारे नाव, फोन, फोटो, वेळ आणि अभिप्राय हे सारे तिथून येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पडताळणीसाठी हल्ली बहुधा व्हिडिओ मागितला जातो. त्यात रस्ता, दारावरची पाटी, आतील खोल्या आणि व्यवसाय आपल्या ताब्यात असल्याची खूण दाखवावी लागते. पाटी नसेल तर आधी ती रंगवून घ्यावी. वाडीतल्या घरांना क्रमांक नसतात आणि ‘विठ्ठल मंदिरामागे’ हा पत्ता नकाशाला कळत नाही, यावर गूगल मॅप्समधील प्लस कोड हा चांगला उपाय आहे. नकाशावर आपल्या अंगणाच्या जागी बोट दाबून धरले की तो लहानसा कोड मिळतो. तो पाहुण्यांना पाठवला की रात्री दहा वाजता गाडी भलत्याच पाणंदीत शिरत नाही.

अभिप्राय मागण्यात संकोच करू नये, मात्र त्याबदल्यात सवलत किंवा भेट देऊ नये. ते गूगलच्या नियमांत बसत नाही. वाईट अभिप्रायालाही शांतपणे, दोन वाक्यांत, वस्तुस्थिती सांगून उत्तर द्यावे, कारण ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचा चौकशी करणारा अधिक लक्ष देऊन वाचतो.

जाहिरातीमागचे पान

क्लिक करून आलेला माणूस जिथे उतरतो त्या पानाला लँडिंग पेज म्हणतात. त्यावर दर, खोल्यांचे खरे फोटो, जेवणात काय मिळते, कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि फोन व व्हॉट्सॲपचे ठळक बटण एवढे असले म्हणजे झाले. गुहागरला येणाऱ्याने चिपळूणला उतरावे आणि गणपतीपुळ्याला जाणाऱ्याने रत्नागिरीला, ही गोष्ट आपल्याला इतकी उघड वाटते की ती लिहायचीच राहून जाते. दर लपवू नये: दर न दिसल्याने फोन करणारे वाढतात, पण येणारे वाढत नाहीत. फोनने काढलेले फोटो जसेच्या तसे चढवू नयेत, त्यांचा आकार कमी करावा. पान जड झाले तर ते उघडेपर्यंत माणूस मागे फिरतो आणि त्या क्लिकचे पैसे मात्र आपल्या नावावर पडतात.

लिलाव कसा चालतो

इथे जरा सावकाश जावे, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. शोधाच्या निकालांत जागा विकण्याची कल्पना गोटू डॉट कॉम या कंपनीने १९९८ मध्ये रुजवली. तिथे हिशेब सरळ होता: प्रत्येक क्लिकसाठी जो जास्त देईल तो वर. गूगलने आपली ॲडवर्ड्स सेवा २००० मध्ये सुरू केली आणि २००२ मध्ये प्रतिक्लिक पद्धत आणताना त्यात एक महत्त्वाचा फरक केला. बोलीबरोबरच त्या जाहिरातीवर लोक किती प्रमाणात क्लिक करतात हेही पाहिले जाऊ लागले. दहा रुपयांची बोली लावणाऱ्या जाहिरातीवर कोणी क्लिकच केले नाही तर गूगलला काहीच मिळत नाही. पाच रुपयांच्या, पण लोकांना हव्या असलेल्या जाहिरातीतून जास्त मिळते. २०१८ मध्ये या सेवेचे नाव गूगल ॲड्स झाले आणि गणित पुष्कळ गुंतागुंतीचे झाले, तरी गाभा तोच राहिला आहे.

प्रत्येक शोधाच्या वेळी क्षणार्धात नवा लिलाव होतो. त्यात आपली बोली, क्लिक मिळण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दांशी जाहिरातीचा संबंध आणि लँडिंग पेजचा अनुभव यांचा एकत्रित विचार होतो. खात्यात कीवर्डसमोर, म्हणजे आपण निवडलेल्या शोधशब्दासमोर, एक ते दहा असा क्वालिटी स्कोअर दिसतो. तो प्रत्यक्ष लिलावात वापरला जाणारा आकडा नाही, पण यांपैकी कोणती बाजू लंगडी आहे हे त्यावरून समजते. याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘कोकणातील सर्वोत्तम निवास’ अशी मोघम जाहिरात करणाऱ्या मोठ्या पोर्टलपेक्षा ‘आंजर्ले: समुद्राजवळ घरगुती जेवणासह खोल्या’ असे नेमके लिहिणाऱ्या लहान माणसाला तीच जागा कमी पैशांत मिळू शकते. लहान व्यावसायिकाने या बाजारात उतरावे असे मला वाटते ते याच कारणामुळे.

एका क्लिकला किती द्यावे

हा आकडा गूगलला विचारू नये, आपल्या वहीला विचारावा. उदाहरणादाखल असे धरू की दोन रात्रींच्या एका बुकिंगमधून जेवण, धुलाई, वीज आणि मजुरी वजा जाता आपल्या हाती २,४०० रुपये राहतात आणि त्यातले ४०० रुपये गिऱ्हाईक आणण्यासाठी खर्च करायला आपली तयारी आहे. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे १,१८० रुपये भरले तर जाहिरातीला १,००० उरतात. त्या हिशेबाने आपल्या ४०० रुपयांतले सुमारे ३३९ रुपयेच कामी येतात. पंचवीस क्लिकमागे एक बुकिंग मिळत असेल तर एका क्लिकला साडेतेरा रुपयांपेक्षा जास्त देणे परवडत नाही. पन्नास क्लिकमागे एक मिळत असेल तर ही मर्यादा पावणेसात रुपयांवर येते. पहिल्या महिन्यात आपले प्रमाण ठाऊक नसते, म्हणून तो महिना शिकण्याचा मानावा आणि बुडाले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम त्यात घालावी. जीएसटीत नोंदणी असलेल्या नियमित करदात्याला एरवी या कराची वजावट मिळते, पण दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्या देणाऱ्याला ती सप्टेंबर २०२५ पासून मिळत नाही. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत असलेल्यालाही मिळत नाही.

रोजच्या बजेटचीही एक खोच आहे. दिवसाला २०० रुपये लिहिले म्हणून एखाद्या दिवशी ४०० रुपये गेले तर ती चूक नसते. गूगल एका दिवशी सरासरीच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते, मात्र महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटींच्या वर जात नाही.

खाते उघडताना

खाते स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या नावावर उघडावे. माझ्या पहिल्या सीझनमध्ये शहरातल्या एका जाहिरात एजन्सीने स्वतःच्या खात्यातून माझी जाहिरात चालवली. त्यांच्याशी संबंध संपला तेव्हा कोणत्या शब्दांवर किती क्लिक आले याचा सगळा इतिहास त्यांच्याकडेच राहिला आणि मी पुन्हा शून्यावर आलो. बाहेरचा माणूस नेमायचा असेल तर त्याला आपल्या खात्यात प्रवेश द्यावा, म्हणजे तो काढूनही घेता येतो. ‘गूगलवर पहिला नंबर मिळवून देतो’ असे फोनवर सांगणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. जाहिरात नसलेल्या निकालांतील जागा गूगल विकत नाही.

नवख्याला खात्यात शक्य तितके निर्णय यंत्रावर सोपवण्याचा आग्रह होतो. सुरुवातीला त्याला बळी पडू नये. कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, ‘सर्च’ प्रकारचे निवडावे आणि त्यातील डिस्प्ले नेटवर्क व सर्च पार्टनर्स यांच्यापुढची खूण काढून टाकावी, म्हणजे जाहिरात भलत्याच ॲपांत आणि संकेतस्थळांवर जात नाही. बोलीसाठी ‘जास्तीत जास्त क्लिक’ हा पर्याय घेऊन वर काढलेली कमाल मर्यादा त्यात लिहावी. बुकिंग पाहून बोली आपोआप ठरवणारे पर्याय चांगले आहेत, पण त्यांना शिकायला पुरेशी बुकिंगे लागतात आणि महिन्याला चार-पाच बुकिंगे देणाऱ्या खात्यात ती नसतात.

स्थळ निवडताना जवळजवळ प्रत्येकजण एक चूक करतो आणि मीही केली. मी दापोली तालुका निवडला, कारण माझा व्यवसाय दापोलीत आहे! आठवडाभर जाहिरात पाहिली ती आमच्याच वाडीतल्या लोकांनी, आणि कौतुकाने क्लिकही त्यांनीच केले. गिऱ्हाईक जिथे राहते ते स्थळ निवडायचे: पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली. त्याच ठिकाणी आणखी एक पर्याय दडलेला असतो. आधीपासून निवडलेल्या पर्यायात त्या शहरात असलेल्यांबरोबर त्या शहरात ‘रस दाखवणारे’ही येतात, तो बदलून केवळ त्या शहरात असणारे किंवा नियमित जाणारे एवढेच ठेवावेत. भाषेचा पर्याय दिसत असेल तर मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्हींवर खूण करावी.

जाहिरातीची वेळही ठरवता येते. घरात फोन उचलणारे कोणी नसेल किंवा वादळी वाऱ्यात वीज आणि रेंज दोन्ही गेली असेल, तेव्हा चालणारी जाहिरात म्हणजे गळका हंडा. आमच्याकडे संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा ही वेळ आणि बुधवार-गुरुवार हे दिवस सर्वांत कामाचे ठरले. आपली वेळ महिन्याभराच्या नोंदींवरून काढावी.

आता जाहिरातीचा मजकूर. सध्याच्या पद्धतीत तीस अक्षरांपर्यंतची जास्तीत जास्त पंधरा शीर्षके आणि नव्वद अक्षरांपर्यंतची चार वर्णने देता येतात. त्यांची जुळणी यंत्र करते. पंधराच्या पंधरा भरण्याचा अट्टहास नको, आठ-दहा खरी आणि नेमकी पुरेत: गाव, समुद्रापासूनचे अंतर, जेवण, सुरुवातीचा दर, गाडी लावायची जागा. दर लिहिल्याने ज्यांना तो परवडत नाही ते क्लिकच करत नाहीत, आणि ती बचतच आहे.

नको असलेले शब्द

कीवर्ड ब्रॉड, फ्रेझ आणि एक्झॅक्ट अशा तीन प्रकारे देता येतात. पहिल्यात गूगल सर्वांत सैल अर्थ लावते, तिसऱ्यात सर्वांत काटेकोर. नवख्याने दुसऱ्या-तिसऱ्यावरच राहावे. तरीही नको ते शोध येतातच, आणि ते अडवण्यासाठी निगेटिव्ह कीवर्डची यादी लागते. आंबा विकणाऱ्याने त्यात ‘रेसिपी’, ‘कॅलरी’, ‘कलम’, ‘रोप’, ‘नोकरी’ आणि बाजारभाव पाहणाऱ्यांसाठी ‘आजचा भाव’ घालावेत. ‘अल्फान्सो’ शब्दावर जाहिरात असेल तर ज्या पोर्तुगीज सरदारावरून आंब्याला हे नाव पडल्याचे सांगतात, त्या आल्बुकर्कचे नावही घालावे. इतिहासाचा अभ्यास करणारे विद्यार्थी पेटी घेत नाहीत. हे शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि वेगवेगळ्या रूपांत स्वतंत्रपणे लिहावेत, कारण नको असलेल्या शब्दांची समानार्थी रूपे यंत्र आपणहून ओळखत नाही. दर आठवड्याला ‘सर्च टर्म्स’ हा अहवाल उघडून लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केले ते वाचावे. कमी शोधले जाणारे शब्द त्यात दाखवले जात नाहीत, तरी जे दिसते त्यातूनच यादी वाढत जाते.

स्वतःच्या घराच्या नावाचाही एक कीवर्ड असावा. बुकिंग पोर्टले दुसऱ्याच्या नावावर बोली लावू शकतात. आपल्या नावावरचा क्लिक आपल्याला बहुधा अगदी स्वस्तात पडतो आणि गिऱ्हाईक कमिशन न देता थेट येते.

मोजमाप

आपल्याकडे बुकिंग फॉर्मवर होत नाही, व्हॉट्सॲपवर आणि फोनवर होते, त्यामुळे शहरी पुस्तकी पद्धती इथे अर्ध्याच लागू पडतात. एक साधी युक्ती उपयोगी आहे. व्हॉट्सॲपच्या दुव्यात आधीच लिहिलेला संदेश घालता येतो. जाहिरातीच्या पानावरील बटणात ‘नमस्कार, खोल्यांची माहिती हवी आहे’ असा, आणि बिझनेस प्रोफाइलवरून येणाऱ्या दुव्यात ‘नमस्कार, खोली उपलब्ध आहे का’ असा मजकूर ठेवला की कोणती चौकशी कुठून आली हे पहिल्याच ओळीत कळते. फोनवर मात्र ‘आमच्याविषयी कुठे कळलं?’ असे विचारून वहीत लिहावे. महिनाअखेरीस जाहिरातीतून आलेल्या बुकिंगांनी खर्चाला भागावे; जो आकडा येईल तो वर काढलेल्या चारशे रुपयांशी ताडून पाहावा.

बदलते वारे

जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ खेड्यापर्यंत पोचला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यावर त्याच वर्षी इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स भारतात आले. रील पाहून इच्छा जागी होते आणि मग माणूस त्या गावाचे नाव गूगलवर शोधतो, अशी ही दोन टप्प्यांची वाट आहे. म्हणून रील आणि सर्च यांत भांडण लावू नये: रीलमध्ये गावाचे आणि घराचे नाव स्पष्ट उच्चारावे, जेणेकरून शोधणाऱ्याला शब्द मिळतो. फुकट राहायला बोलावलेल्या इन्फ्लुएन्सरने ते जाहीर करणे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अपेक्षित आहे.

दुसरा बदल अधिक खोल आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश दिसू लागले आणि २०२५ मध्ये पूर्ण संवादासारखा एआय मोडही आला. ‘अस्सल हापूस कसा ओळखावा’ याचे उत्तर आता पान न उघडताच मिळते, त्यामुळे निव्वळ माहितीच्या लेखांचे वाचक घटतात. खोली किंवा पेटी मात्र सारांशातून मिळत नाही, ती कोणाकडून तरी घ्यावीच लागते. आपले नाव, दर आणि पत्ता संकेतस्थळावर, नकाशावर आणि समाजमाध्यमांवर अगदी एकसारखा ठेवावा, आणि पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत उत्तरांसह पानावर लिहावेत. गूगलच्या सर्व माध्यमांवर एकत्र चालणारे परफॉर्मन्स मॅक्स हे २०२१ मध्ये आलेले कॅम्पेन दुसऱ्या-तिसऱ्या सीझनपर्यंत बाजूला ठेवले तरी काही बिघडत नाही. शेजारी काय जाहिरात करतो हे पाहायचे असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटरमध्ये पडताळणी झालेल्या जाहिरातदारांच्या चालू जाहिराती फुकट पाहता येतात.

कायद्याचेही एक भान ठेवावे. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. परप्रांतातला आंबा ‘देवगड’ म्हणून जाहिरातीत दाखवणे ही फसवणूक आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जाहिरात कधी थांबवावी

आंब्याची जाहिरात माल संपण्याच्या आठवडाभर आधी थांबवावी, कारण मागणी नाकारलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फोन करत नाही. मालवण-तारकर्लीकडे स्कूबा आणि बोटिंगवर व्यवसाय असणाऱ्यांनी जून ते ऑगस्ट या बंदच्या काळात ते शब्द बाजूला ठेवून ‘पावसाळी सहल’, ‘धबधबा’ अशांकडे वळावे. गणपतीत चाकरमान्यांनी आपलेच घर भरलेले असेल तर त्या आठवड्यात कॅम्पेन पॉज करायला विसरू नये. ते बंद केल्याने जुना इतिहास पुसला जात नाही. खोल्या रिकाम्या असलेल्या जुलैच्या दुपारी वर्षभराचा सर्च टर्म्स अहवाल उतरवून घ्यावा, निगेटिव्ह यादी पुन्हा चाळावी, आणि उघडीप मिळताच हिरव्या अंगणाचे नवे फोटो काढून प्रोफाइलवर चढवावेत, कारण दिवाळीच्या सुट्टीची चौकशी त्यानंतर फार लांब नसते.